गड चढल्याचं नव्हे, उतरल्याचं दुखणं

प्रश्न : मी ४८ वर्षांची, साताऱ्यात बँकेत नोकरीला आहे. दिवाळीनंतर शेजारच्या बायकांबरोबर रविवारी पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायला लागले. चढताना धाप लागते, दर वळणावर थांबावं लागतं, पण पाय दुखत नाहीत. उतरताना गप्पा मारत येतो, काहीच त्रास नसतो. आणि सोमवारी संध्याकाळपासून मांड्या अशा भरून येतात की मंगळवारी बँकेचा जिना कठडा धरून, आडवं होऊन उतरावा लागतो. दुसऱ्या खेपेला जरा कमी दुखलं होतं. मग लग्नसराईत बराच खंड पडला. परवा पुन्हा गेले, नळाला पाणी यायची वेळ झाली म्हणून जवळजवळ पळतच उतरलो, आणि पुन्हा तेच. ग्रुपमधले एक काका म्हणतात, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, लिंबूपाणी घ्या. जिमला जाणारा भाचा म्हणतो, 'मावशी, मसल फाटलाय, प्रोटीन पावडर सुरू कर.' सासूबाई ७४ वर्षांच्या; त्या म्हणतात, आता वय झालं, गडावरच्या मंगळाईला खालूनच हात जोड. त्यात दोन-तीनदा रात्री पोटरीत गोळा आला. मला बीपीची गोळी चालू आहे. आमच्यातल्या दोघी पुढच्या वर्षी घाटातल्या हाफ मॅरेथॉनला नाव देणार आहेत, माझ्याही मनात आहे. दुखणं अंगावर काढून जात राहू की सोडून देऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सोडू नका. सासूबाईंचा मान राखून सांगते, हे वयाचं दुखणं नाही. विशीतल्या पोराला एकदम गडावरून पळवत खाली आणलं तर त्याचीही मंगळवारी हीच गत होईल. तालमीत नवा पोरगा पहिल्याच दिवशी चढाओढीने बैठका मारतो आणि पुढचे दोन दिवस त्याला संडासात बसता येत नाही, ते दुखणं आणि तुमचं दुखणं एकच.

'उतरताना काहीच त्रास नसतो' असं तुम्ही लिहिलंय ना, सगळी मेख तिथेच आहे.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा जुडगा असतो, त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. त्याची कंडरा गुडघ्याच्या वाटीला धरून पुढे नडगीच्या हाडाला जोडलेली असते. चढताना हा जुडगा आखडतो, गुडघा सरळ होतो आणि तुम्ही वर उचलल्या जाता. उतरताना काय होतं बघा. पाय खाली टेकला की अंगाचं सगळं वजन त्या गुडघ्यावर येतं आणि गुडघा दुमडू लागतो. तो एकदम दुमडून तुम्ही रस्त्यावर बसू नये म्हणून हाच जुडगा जोर लावून धरतो. म्हणजे ओढत असतो, पण ओढता ओढता स्वतः लांब होत असतो. विहिरीतून भरली घागर वर ओढणं आणि तीच घागर दोर हातातून सोडत सोडत सावकाश खाली नेणं, यात जो फरक आहे तोच. दोन्ही वेळा हात ओढतच असतात. पण सोडताना दम लागत नाही, तळहात मात्र सोलून निघतात.

आता त्या स्नायूच्या आत जाऊ, कारण तुमच्या काकांचं आणि भाच्याचं भांडण तिथेच मिटतं.

स्नायूचा एकेक तंतू केसासारखा बारीक असतो. त्याच्या लांबीभर एकसारखे छोटे कप्पे एकापुढे एक लागलेले असतात, त्यांना सार्कोमिअर म्हणतात. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे १० सेंटिमीटरच्या तंतूत एका रांगेत सुमारे ४०,००० कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे धागे असतात : मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक. पूर्वी बऱ्याच जणांचा समज असा होता की स्नायू आखडतो तेव्हा आतले धागेच आकसतात किंवा त्यांना घड्या पडतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हा समज मोडला. एक जोडी अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्के यांची, दुसरी ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांची. दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, हे सांगून ठेवते, कारण परीक्षेला बसणारी मुलं हमखास गोंधळतात. त्यांनी दाखवलं ते असं : धागे आहेत तेवढेच राहतात, फक्त बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून सरकतात. कप्पा आखूड होतो, धागा होत नाही.

सरकवण्याचं काम मायोसिनच्या अंगावरची डोकी करतात. मज्जातंतूकडून हुकूम आला की तंतूतल्या कॅल्शियमच्या कोठ्या उघडतात. कॅल्शियम बारीक धाग्यावर बसलं की तिथल्या पकडीच्या जागा मोकळ्या होतात, मायोसिनची डोकी त्या धरतात आणि वाकून धागा ओढतात. एका ओढीत धागा सरकतो ते अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही थोडं कमी. पण चाळीस हजार कप्पे एकाच वेळी असं पुन्हा पुन्हा सरकतात, तेव्हा तुमचा गुडघा सरळ होतो.

यातली फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे पकड सोडायला ऊर्जा लागते. एटीपी नावाचा, ऊर्जा पुरवणारा रेणू मायोसिनच्या डोक्यावर येऊन बसला की मगच ते धागा सोडतं. तो मिळालाच नाही तर डोकं तिथेच अडकून राहतं. माणूस गेल्यावर काही तासांनी देह लाकडासारखा ताठ होतो, त्याचं कारण हेच. कॅल्शियम पुन्हा कोठीत भरायलाही एटीपीच लागतं. स्नायू सैल पडणं आपल्याला विश्रांती वाटते, पण तंतूच्या दृष्टीने तेही कामच आहे.

उतरताना मात्र हा हिशेब बदलतो. डोक्यांनी धागा पकडलेला असतो आणि वरून वजन तो धागा उलट्या दिशेला खेचत असतं. बरीचशी पकड एटीपी खर्च न होता, नुसत्या हिसक्याने सुटते आणि डोकी पुन्हा धरतात. म्हणून कमी खर्चात जास्त जोर मिळतो. १९५२ साली लंडनमध्ये अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तीन संशोधकांनी याचा मजेदार प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं आणि दुसऱ्याने नुसता विरोध करायचा, म्हणजे मागे फिरणाऱ्या पेडलला पायाने अडवत राहायचं. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच. पण अडवणाऱ्याला प्राणवायू कित्येक पटींनी कमी लागला. अडवायला बाई आणि पेडल मारायला तिच्याहून दणकट पुरुष बसवला तरी घामाघूम तोच व्हायचा. (त्याच वर्षी आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. साताऱ्याच्या माणसाला १९५२ म्हटलं की आधी तेच आठवणार, मलाही तेच आठवतं.)

म्हणून तुम्हाला उतरताना गप्पा मारता येतात. छाती निवांत असते. पण शरीर काटकसर करतं ती इथेच अंगाशी येते. तेवढंच वजन पेलायला उतरताना चढणीपेक्षा कमी तंतू कामाला लागतात, आणि जे लागतात त्या प्रत्येकावर भार जास्त पडतो. चाळीस हजार कप्प्यांतले काही दुबळे कप्पे ताण सोसत नाहीत, प्रमाणाबाहेर ताणले जातात आणि त्यांच्या कडा विस्कटतात. हे इतकं बारीक असतं की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल. त्या वेळी दुखत नाही. मग शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे पेशी जमतात, पाणी साचतं, आजूबाजूच्या वेदनेच्या नसा हळव्या होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं सोमवारी सुरू होतं आणि मंगळवारी कळस गाठतं. २४ ते ७२ तास हा त्याच्या कळसाचा ठरलेला काळ. थोडं मागे-पुढे धरलं तर पाच-सहा दिवसांत सगळं जागेवर येतं.

काकांचं लॅक्टिक अ‍ॅसिड इथे बसत नाही. ते साठतं चढताना, धाप लागते तेव्हा, आणि थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून जवळपास निघूनही जातं. मंगळवारपर्यंत ते मुक्कामाला राहत नाही. १९८३ सालच्या एका प्रयोगात काही जणांना सपाटीवर पळवलं आणि काहींना उतारावर. सपाटीवाल्यांच्या रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारवाल्यांचं वाढलं नाही आणि पाय मात्र दुखले. यावर वेगळं काही बोलायला नको. लिंबूपाणी जरूर घ्या, उन्हातून आल्यावर चांगलंच लागतं. त्याचा मांडीशी संबंध नाही, एवढंच.

भाचा अर्धा बरोबर आहे. फाटणं म्हणतो ते कप्प्यांच्या पातळीवर खरं आहे, पण स्नायू फाटणं म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत निराळीच गोष्ट. त्यात पाऊल टाकता टाकताच कळ येते, एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, कधी तिथे काळं-निळं होतं. तुमच्या दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात आणि दुखणं दुसऱ्या दिवशी येतं, म्हणजे ते हे नव्हे. पावडरीवर पैसे घालवू नका. तुमच्या वयाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिनं पुरतात. मटकीची उसळ, डाळ, दही, अंडी खात असाल तर ती घरातच मिळतात. गडावरून उतरल्यावर कंदी पेढे खाण्याची रीत मात्र स्नायूंच्या नावावर खपवू नका.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य : 'दुसऱ्या खेपेला जरा कमी दुखलं होतं.' तो योगायोग नव्हता. एकदा असा मार बसला की स्नायू दुरुस्त होताना पुढच्या माराची तयारी करून ठेवतो. १९९४ साली उंदरांना आठवडाभर सरकत्या पट्ट्यावर पळवून पाहिलं. उतारावर पळालेल्यांच्या मांडीतल्या तंतूंत, चढावर पळालेल्यांपेक्षा जास्त कप्पे एका रांगेत तयार झाले होते. कप्पे जास्त म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ताण कमी. माणसात याशिवाय आणखीही काही बदल होतात. हे कवच काही आठवडे टिकतं आणि वापरलं नाही तर विरत जातं. तुमचं लग्नसराईत विरलं. वर तुम्ही पळत उतरलात, म्हणजे प्रत्येक पावलाला भार आणखी वाढला. नळाचं पाणी महाग पडलं.

मग करायचं काय? पुढचे दोन रविवार अख्खा गड नको. अर्ध्या वाटेवरच्या एखाद्या वळणापर्यंत जा आणि तिथून परत फिरा. मैत्रिणी हसतील, हसू द्या. उतरताना पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, अंग मागे झोकून टाचा आपटत येऊ नका. रस्ता मोकळा असेल तर तिरकं-तिरकं उतरा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी थेट वरपर्यंत जायला हरकत नाही. आठवड्याच्या मध्ये एकदा घरी खुर्चीवर बसण्याचा सराव करा. उभं राहून मनात चार आकडे मोजत सावकाश खाली टेकायचं आणि नेहमीसारखं उठायचं. आठ-दहा वेळा केलंत की झालं. बैठकीतला खाली जाण्याचा भाग हा उतरणीचाच सराव आहे. बँकेत लिफ्ट असेल तर वर जाताना खुशाल लिफ्टने जा आणि खाली येताना जिना घ्या. लोक बरोबर उलटं करतात.

दुखत असलेल्या दिवसांत घरात हिंडत-फिरत राहा, पडून राहू नका. गरम पाण्याने शेकल्यावर बरं वाटत असेल तर शेका. जोरजोरात तेल चोळून घेण्याने मार बसलेल्या तंतूंना आणखी त्रास होतो, हलक्या हाताने चोळलं तर चालेल. स्ट्रेचिंग केलंत तर बिघडत काही नाही, पण या दुखण्यावर त्याचा म्हणावा तसा उपयोग दिसलेला नाही. वेदनाशामक गोळ्यांची सवय लावून घेऊ नका, बीपी असणाऱ्याने तर नकोच. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतो.

हाफ मॅरेथॉनचं म्हणाल तर जरूर मनात ठेवा. यवतेश्वर घाट चढून त्याच वाटेने परत यायचं, २१ किलोमीटर, निम्मी चढण आणि निम्मी उतरण. पहिल्यांदा पळणारे सगळे दमाची तयारी करतात, उतरणीची कुणी करत नाही आणि परतीच्या वाटेवर मांड्या साथ सोडतात. उतरणीचा सराव काही महिने आधीपासून थोडा थोडा वाढवत न्या. शेवटच्या आठवड्यात मात्र उतार नको, कारण तेव्हा बसलेला मार भरून यायला वेळ मिळणार नाही. आणि नाव देण्याआधी बीपीच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्याचं प्रकरण वेगळं आहे, ते मांडीच्या दुखण्यात मिसळू नका. तिथे तंतूला इजा झालेली नसते. पोटरीच्या नसा मनानेच हुकूम सोडत राहतात आणि स्नायू आखडलेलाच राहतो. झोपेत पाऊल खाली वळलेलं असतं, पोटरी आधीच आखूड झालेली असते, त्यात जड पांघरुणाचा दाब पावलावर येतो, की गोळा यायला निमित्त मिळतं. आला की पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढा किंवा उठून उभं राहा आणि टाच जमिनीवर दाबा. स्नायू ताणला गेला की मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि हुकूम थांबतो. झोपण्याआधी भिंतीला हात टेकवून, टाच न उचलता दोन्ही पोटऱ्या ताणून घ्या. केळी, मीठ, मॅग्नेशियमच्या गोळ्या यांच्यावर लोकांचा फार विश्वास असतो, पण रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा भरवशाचा गुण दिसलेला नाही. केळं खायला माझी ना नाही.

तुमची बीपीची गोळी कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारी असेल, तर तिच्यामुळेही गोळे येऊ शकतात. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही विचारात घ्यायला हवी, कारण तिच्याने स्नायू दुखतात. थायरॉइड कमी असेल तरी हेच होतं, आणि चाळिशीनंतर बायकांत ते कमी आढळत नाही. डॉक्टरांना पाकीट दाखवा, थायरॉइड आणि पोटॅशियमची तपासणी लागेल का ते विचारा. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

दोन-तीन गोष्टी दिसल्या तर माझ्या उत्तराची वाट न पाहता दवाखाना गाठा. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी. स्नायूंना फार मार बसला की त्यांतला लाल रंगाचा पदार्थ मूत्रपिंडात जाऊन अडकतो, आणि एकदम शेकड्याने बैठका मारणाऱ्या तरुण पोरांनाही हे झालेलं आहे. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर तो गोळा नसून रक्तवाहिनीतली गुठळी असू शकते. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर दुखणं सांध्याचं आहे, मग वर लिहिलेला सराव तुमच्यासाठी नाही.

आणि सासूबाई. वय झालं की स्नायू कमी होतात हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्यावर 'खालूनच हात जोड' हा उपाय उलटा पडतो. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला, तर त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीतल्या स्नायूतही डोकी आणि धागे तेच असतात. तुमच्या सासूबाईंना गडावर न्या असं मी म्हणत नाही. तुम्ही घरी खुर्चीचा सराव कराल तेव्हा शेजारी त्यांचीही खुर्ची मांडा. हात असलेली, भिंतीला टेकलेली, सरकणार नाही अशी. आधी पाचच वेळा बसवा, हातांचा आधार घेऊ द्या, आणि त्यांना चक्कर येण्याचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी त्यांचा बीपीही बसून आणि उभं राहून असा दोनदा बघून घ्या.